घरची चिकन बिर्याणी: कच्ची-पक्कीचा वाद आला कुठून

मुघल, निजाम, लखनौ हा बिर्याणीचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे, त्यात जात नाही. आपल्या घरात होते ती चिकन बिर्याणी तशी नवीनच आहे. आधी बिर्याणी म्हणजे मटणाची आणि कोंबडी म्हणजे गावरान, ती पाहुणे आले की कापायची नि रस्सा करायचा. ७० च्या दशकात पुण्याकडे मोठ्या हॅचऱ्या (अंडी उबवून पिल्लं काढायचे कारखाने) उभ्या राहिल्या, ब्रॉयलर म्हणजे मांसासाठी झटपट वाढवलेली कोंबडी वाढत गेली, मग नाक्यानाक्यावर चिकन सेंटरं निघाली आणि मटण परवडेना तसं चिकन पातेल्यात आलं.

पण रेसिपी मटणाचीच राहिली ना, खरा घोळ तिथे आहे! कच्ची म्हणजे मसाला लावलेलं कच्चं मटण खाली, वर अर्धवट शिजलेला भात, आणि दम, म्हणजे झाकण बंद करून मंद आचेवर शिजवणं. मटण मऊ व्हायला वेळ लागतो म्हणून त्यात कच्ची पपई वाटून घालायची. तीच पपई लोक ब्रॉयलरला चोळून रात्रभर ठेवतात आणि सकाळी चिकनच्या तुकड्यांचा भुगा हातात येतो. ब्रॉयलर दमावर पाऊण तासात आरामात शिजतो, त्याला दही पुष्कळ झालं, वर स्वतःचं पाणी सोडतो ते वेगळंच. उलट गावरान कोंबडी कच्ची लावली तर भाताचा गिचका होतो तरी ती चिवटच.

घरात कच्ची न जमण्याचं दुसरं कारण चुलीचं. जुन्या दमात हंडीखाली निखारे आणि झाकणावरही निखारे, म्हणजे आच दोन्हीकडून. मुंबईत १९५५ च्या सुमारास सिलिंडरचा गॅस आला, नंतर तो घरोघरी गेला आणि वरची आच गेलीच. म्हणून हंडीखाली तवा ठेवायची युक्ती निघाली, त्याने तळ करपत नाही, पण वरच्या थराला मिळते ती नुसती वाफ. तेव्हा आधी चिकनची ग्रेव्ही करून मग थर लावायचे, ही पक्कीच घरात टिकली. कच्चीवाले तिला 'मसालेभात विथ चिकन' म्हणतात, म्हणू देत, किलोभर चिकन आणि एक बर्नर असेल तर पक्कीच बरी असं माझं मत आहे.

बाकी बदल पटापट झाले. आंबेमोहोर-कोलम मागे पडले, पॅकेटातला बिर्याणी मसाला आला, २००३ मध्ये पुसा ११२१ हा लांब दाण्याचा बासमती आला, आणि सेला (साळीतच अर्धवट उकडून वाळवलेला) तांदूळ मिळायला लागल्यापासून दाणा मोडायची भीती पुष्कळ कमी झाली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर हॉटेलं बंद, मग ज्यांनी कधी कुकरच्या पुढे उडी मारली नव्हती तेही व्हिडिओ बघून कणकेने झाकण सील करायला लागले. आता कणकेच्या जागी फॉइल आलीय आणि तळलेला कांदा तर पाकिटातच मिळतो.