लाकडी कॅबिनेट आणि आगीची भीती

"कॉम्प्युटरला लाकडी कॅबिनेट केलं तर आतल्या उष्णतेने पेट घेतं" हा इशारा बरीच वर्षं फिरतोय. भीती साहजिक आहे, कारण लाकूड जळतं हे सगळ्यांनाच ठाऊक.

पण आकडे पाहू. लाकूड पेटायला साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअस लागतात. प्रोसेसर 95-100 च्या आसपास पोचला की स्वतःहूनच वेग कमी करतो, त्याहून तापला तर मशीन बंद. तोही हीटसिंकखाली, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याखाली दडलेला. कॅबिनेटला लागते ती फक्त पंख्याची कोमट हवा. ठाण्यात मी सागवानी फळ्यांचं कॅबिनेट केलं तेव्हा मागच्या जाळीपाशी स्वयंपाकघरातला थर्मामीटर टेकवला. तासभर गेम चालवून 44 अंश. तुम्हीही असंच मोजा, आतलं तापमान दाखवणारं मोफत सॉफ्टवेअरही मिळतं.

धोका असलाच तर विजेचा: सैल जोड, शॉर्ट सर्किट. तो पत्र्याच्या कॅबिनेटमध्येही असतो, मात्र पत्रा ठिणगी आतच अडवतो, लाकूड नाही. म्हणून पॉवर सप्लायची धातूची पेटी कधी उघडायची नाही आणि प्लग अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्येच लावायचा.

आपल्याकडे खरा वैरी पावसाळा. जुलैत माझं झाकण फुगून बसेना, पुन्हा रंधा मारावा लागला. आता आतूनबाहेरून पॉलिश आहे, आणि फटीत दोन मिलिमीटर जागा सोडलीय.