सेव्ह आणि होल्ड: रिव्हेराचे दोन हंगाम

बेसबॉलमधला न्यूयॉर्क यँकीजचा पिचर (चेंडू टाकणारा) मारियानो रिव्हेरा याच्या नावावर 652 सेव्ह, म्हणजे शेवटी येऊन संघाची आघाडी टिकवल्याच्या नोंदी आहेत. हा अमेरिकेच्या मेजर लीगचा विक्रम. त्यातले 1996 चे फक्त 5 आणि 1997 चे 43. पण 1997 मध्ये तो अचानक चांगला पिचर झाला, असा अर्थ काढला तर चूक होईल. 1996 मध्ये त्याने 107 पेक्षा जास्त डाव टाकले, 130 स्ट्राइकआउट घेतले (म्हणजे फलंदाजांना तीन स्ट्राइकवर बाद केले) आणि एकच होम रन दिली. पुढच्या वर्षी डाव भरले जेमतेम 71. बदलली ती वेळ: आधी तो सातवा-आठवा डाव टाकून चेंडू जॉन वेटलँडकडे सोपवायचा. वेटलँड न्यूयॉर्क यँकीज सोडून गेल्यावर नववा, म्हणजे शेवटचा डाव रिव्हेराचा झाला.

सेव्ह फक्त जिंकलेल्या संघाच्या शेवटच्या पिचरला मिळते, आणि त्या सामन्याचा विजय त्याच्या नावावर नसेल तरच. शिवाय तीनपैकी एक अट पुरी व्हावी लागते. तो आला तेव्हा आघाडी जास्तीत जास्त 3 धावांची हवी आणि त्याने किमान एक पूर्ण डाव टाकायला हवा. किंवा ज्याच्या धावेने बरोबरी होऊ शकते तो खेळाडू बेसवर, फलंदाजीला किंवा त्यानंतरच्या क्रमावर हवा. किंवा त्याने किमान 3 डाव टाकलेले हवेत. दुसरी अट नीट मोजावी लागते. बेस रिकामे असताना 4 धावांच्या आघाडीवर नववा डाव टाकला तर सेव्ह नाही. तिन्ही बेस भरलेले असताना 5 धावांच्या आघाडीवर आला तर मिळू शकते: बेसवरचे तीन, फलंदाज आणि त्याच्यानंतरचा मिळून पाच.

होल्ड ही मधल्या पिचरसाठीची नोंद; ती मेजर लीगच्या अधिकृत नोंदीत नाही. सेव्हच्या परिस्थितीत यायचे, किमान एक खेळाडू बाद करायचा आणि आघाडी राखून सामना दुसऱ्याकडे द्यायचा. एका सामन्यात होल्ड अनेकांना मिळू शकतात, सेव्ह एकालाच.

खरा अन्याय ‘ब्लोन सेव्ह’मध्ये, म्हणजे सेव्हच्या परिस्थितीत आघाडी गमावल्याच्या नोंदीत आहे. सातव्या डावात आलेल्या पिचरने आघाडी गमावली, तरी ही नोंद त्याच्या माथी बसते. सेव्ह मिळण्याची शक्यता मात्र त्याच्यासाठी जवळपास नसतेच. म्हणून सेटअप पिचरची (शेवटच्या पिचरच्या आधी येणाऱ्याची) सेव्हची टक्केवारी पाहून त्याला जोखू नये. डाव, स्ट्राइकआउट आणि आधीच्या पिचरने बेसवर सोडलेल्यांपैकी कितींच्या धावा झाल्या, हे पाहावे. 1996 मध्ये सहा डावांनंतर आघाडीवर असताना यँकीज 70 सामने जिंकले, 3 हरले. त्यात रिव्हेराचा वाटा केवढा होता, ते सेव्हच्या रकान्यात दिसणार नाही.

2001 च्या वर्ल्ड सिरीजचा (मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा) सातवा सामनाही असाच पाहावा. अ‍ॅरिझोनाविरुद्ध 2-1 अशा आघाडीवर रिव्हेरा आठव्या डावात आला आणि तिघांना स्ट्राइकआउट केले. तिथेच दुसरा पिचर आला असता, तर रिव्हेराच्या नावावर होल्ड लागला असता. तो नवव्यातही टाकत राहिला, अ‍ॅरिझोनाच्या लुईस गॉन्झालेझच्या फटक्यावर सामना 3-2 असा हातून गेला, आणि नोंद झाली ब्लोन सेव्ह आणि पराभवाची.