तुटण्याआधी एक झालं होतं का?

1938च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांना न्यूट्रॉनचा मारा केलेल्या युरेनियममध्ये बेरियम सापडलं. लिझे माइटनर आणि ओटो फ्रिश यांनी त्याचा अर्थ लावला: केंद्रक द्रवाच्या थेंबासारखं लांबतं आणि दुभंगतं, म्हणजेच त्याचं विखंडन होतं. एवढं आपण पाठ्यपुस्तकात वाचतो आणि थांबतो. पण न्यूट्रॉनऐवजी ऑक्सिजनचं अख्खं केंद्रक थोरियमवर आदळलं तर काय होतं?

न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, त्यामुळे तो सहज आत शिरतो. ऑक्सिजनच्या 8 प्रोटॉनना मात्र थोरियमचे 90 प्रोटॉन जवळ येऊ देत नाहीत. हा अडसर ओलांडायला सुमारे 80 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जा लागते. ती द्यायला मुंबईत कुलाब्याला, टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) च्या आवारात, 14 दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन त्वरक, म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र, आहे. त्यात ऋणभारित आयन, म्हणजे जास्तीचा इलेक्ट्रॉन असलेला अणू, आधी उच्च व्होल्टेजकडे खेचला जातो. तिथे त्याचे इलेक्ट्रॉन काढून घेतले, की तो धनभारित होतो आणि त्याच व्होल्टेजपासून दूर फेकला जातो. एकाच व्होल्टेजचा धक्का दोनदा मिळतो. कोल्हापुरात रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसलेला शिवाजी विद्यापीठाचा विद्यार्थी सकाळी त्वरकाच्याच शहरात, मुंबईत, उतरतो. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलांना हे ठाऊक असायलाच हवं.

दोन्ही केंद्रकं पूर्ण मिसळली, तर 98 प्रोटॉनचं कॅलिफोर्नियम-248 तयार होतं. ते इतकं तापलेलं असतं, की बहुतेक वेळा फुटतंच. मंद न्यूट्रॉनने युरेनियम-235 फुटतं तेव्हा एक तुकडा साधारण 95 वस्तुमानांकाच्या (प्रोटॉन आणि न्यूट्रॉनच्या एकूण संख्येच्या) आसपास आणि दुसरा 140च्या आसपास असतो. ही असमान वाटणी केंद्रकातल्या कवचरचनेमुळे, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या ठरावीक थरांमुळे, होते. तापलेल्या कॅलिफोर्नियममध्ये कवचांचा प्रभाव पुसट होतो आणि तुकडे बहुतांशी निम्मे-निम्मे पडतात.

खरा पेच यापुढे आहे. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती पाहिलेल्यांना माहीत असतं, की दोन मल्ल भिडतात, एकमेकांना धरून अर्धा फेरा घेतात आणि डाव लागण्याआधीच सुटतात. केंद्रकांचंही असं होतं. ती चिकटतात, काही प्रोटॉन-न्यूट्रॉनची देवाणघेवाण करतात आणि एकजीव होण्याआधीच वेगळी होतात. याला अर्धविखंडन म्हणूया. डिटेक्टरवर मात्र दोन्ही प्रकारांत दोन जड तुकडेच येऊन पडतात. मग ओळखायचं कसं?

तुकडे नॅनोसेकंदाला साधारण 1 सेंटीमीटर वेगाने पळतात. समोरासमोर ठेवलेले डिटेक्टर त्यांच्या पोहोचण्याच्या वेळा आणि जागा टिपतात, त्यावरून वस्तुमान आणि कोन निघतो. एकजीव झालेलं केंद्रक फुटण्याआधी आयनशलाका (त्वरकातून आलेला आयनांचा झोत) कुठून आली हे बऱ्याच अंशी विसरतं. अर्धविखंडनात ते विसरायला वेळच मिळत नाही, त्यामुळे तुकडे शलाकेच्या रेषेभोवती अपेक्षेपेक्षा जास्त गोळा होतात.

मला सगळ्यात सुंदर वाटते ती थोरियमच्या आकाराची गोष्ट. त्याचं केंद्रक गोल नाही, लांबट आहे. टोकाशी विद्युत-अडसर कमी असतो, म्हणून ऊर्जा कमी ठेवली, की ऑक्सिजन फक्त टोकालाच चिकटू शकतो. अशा वेळी जोडी फार लांबट बनते आणि एकजीव होण्याआधी तुटण्याची शक्यता वाढते. कमरेला आदळलं, तर बांधा आटोपशीर राहतो आणि मीलन सोपं होतं. नुसती शलाकेची ऊर्जा बदलून, डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या केंद्रकाची दिशा संशोधक निवडतात!

याचा थेट संबंध नव्या मूलद्रव्यांशी आहे. शलाकेतलं केंद्रक जसं जड होतं, तसं अर्धविखंडन वाढतं आणि एकजीव होणं दुर्मिळ होतं. जपानमधल्या रिकेन संस्थेने बिस्मथवर जस्ताची शलाका वर्षानुवर्षं मारली, तेव्हा 113 क्रमांकाच्या निहोनियमचे अणू मिळाले ते 2004, 2005 आणि 2012 मध्ये, प्रत्येकी एक.