सर्व्हिस मोटरपासून स्लीपरपर्यंत: कोल्हापूरच्या ट्रॅव्हल्स गाड्यांची पार्श्वभूमी

रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान कोल्हापुरात तावडे हॉटेलच्या चौकात उभे राहिले, तर पुण्या-मुंबईकडे निघालेल्या ट्रॅव्हल्सच्या गाड्यांची रांग लागलेली दिसते. त्यांतल्या बहुतेक स्लीपर आणि वातानुकूलित असतात, आणि बारा मीटर किंवा त्याहूनही लांब असतात. खासगी गाडीने हेच रूप का घेतले, ती दिवसापेक्षा रात्री जास्त का धावते आणि तिच्यात बसण्याऐवजी झोपण्याची सोय का आली, या प्रश्नांचे उत्तर बहुधा प्रवाशांच्या बदललेल्या आवडीत शोधले जाते. आवडीचा वाटा आहेच; परंतु मुळाशी परवान्याचा कायदा आहे आणि रस्ता, इंजिन व बॉडी यांतले बदल त्या कायद्याने आखलेल्या चौकटीतच घडत गेले आहेत, असे माझे मत आहे.

स्वातंत्र्यापूर्वी कोल्हापूर संस्थानात आणि भोवतालच्या मुलखात मोटारीची प्रवासी वाहतूक खासगी मालकांच्या हाती होती. लोक या गाड्यांना सर्व्हिस मोटर किंवा नुसते सर्व्हिस गाडी म्हणत. मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे १८९१ मध्ये आली, पण ती कोल्हापुरातच थांबली. पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी आणि घाटाखालचे कोकण यांना मोटारीवाचून गत्यंतर नव्हते. परदेशी बनावटीची मालमोटारीची चासी, म्हणजे इंजिन व चाके असलेला खालचा ढाचा, घ्यायची आणि तिच्यावर लाकडी सांगाडा उभारून घ्यायचा, ही त्या काळची रीत होती. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग आले, तेव्हा गाडीला कोळशाची भट्टी जोडून त्या गॅसवर इंजिन चालवले जाई. अशी गाडी चढाला दमत असे आणि निघण्याआधी भट्टी पेटवण्यात बराच वेळ जात असे.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. त्यानंतर वर्षभराच्या आतच, १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि मार्गांचे राष्ट्रीयीकरण टप्प्याटप्प्याने इथवर पोहोचले. सुरुवातीच्या एसटीच्या ताफ्यात शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडिबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा बनावटींच्या गाड्या होत्या. दहा बनावटी म्हणजे दहा प्रकारचे सुटे भाग, हे ध्यानात घेतले की पुढे एसटीने आपल्या कार्यशाळा उभारून एकसारख्या बॉडी बांधण्यावर एवढा भर का दिला, ते समजते. आरामगाडीची कल्पनाही प्रथम एसटीचीच होती. पन्नासच्या दशकाच्या प्रारंभी मॉरिस कमर्शियलच्या चासीवर बांधलेल्या ‘नीलकमल’ आणि ‘गिरिआरोहिणी’ या दोन गाड्या पुणे-महाबळेश्वर मार्गावर धावत. त्यांत दोन-दोनची आसनरचना, पडदे, हिरवट काचा आणि एक घड्याळसुद्धा होते. पुढे तीस वर्षांनी खासगी मालकांनी ‘लक्झरी’ म्हणून जे विकले, त्याचा नमुना या दोन गाड्यांत पुरता दिसतो.

राष्ट्रीयीकरणानंतर खासगी मालकाकडे काय उरले, हा या इतिहासातला कळीचा भाग आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने प्रवासी गाड्यांचे दोन प्रकार मानले होते आणि १९८८ च्या कायद्यानेही ते कायम ठेवले. टप्प्याटप्प्याला थांबून सुटे प्रवासी चढवणारी आणि उतरवणारी ती स्टेज कॅरेज. संपूर्ण गाडीचा आधी करार करून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणारी ती काँट्रॅक्ट कॅरेज. पहिला प्रकार महाराष्ट्रात एसटीकडे गेला आणि खासगी मालकाला दुसरा उरला. त्यामुळे त्याचे उत्पन्न लग्नाचे वऱ्हाड, सहल आणि देवदर्शन यांवर येऊन ठेपले. एसटीही प्रासंगिक कराराने गाड्या देत असे आणि आजही देते. मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यल्लमाला जाणाऱ्या कोल्हापूरकरांचा मोठा भार एसटीच्याच गाड्या उचलतात. मात्र अष्टविनायक, तिरुपती, रामेश्वर किंवा काशी अशा आठ ते वीस दिवसांच्या फेऱ्या यात्रा कंपन्यांच्या झाल्या.

यात्रा कंपनीची गाडी आणि प्रवासाची गाडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे आज विसरले गेले आहे. यात्रेच्या गाडीत प्रवाशांबरोबर आचारी, त्याचा मदतनीस, शिधा, भांडी आणि शेगड्या यांना जागा लागे. टपावर लोखंडी कठडा आणि त्यावर ताडपत्री, मागे शिडी, चाकांच्या मधल्या जागेत दोन्ही बाजूंना डिक्या, आणि मागच्या डिकीत पातेल्यांची उतरंड, असा तिचा थाट असे. गाडी मुक्कामाला लागली की प्रवासी दर्शनाला जात आणि गाडीच्या सावलीतच चूल मांडली जाई. या गाड्या उंच असत, पुढे इंजिन असे आणि खाली हादरे झेलायला लोखंडी पाट्यांचे सस्पेन्शन असे. चासी बहुधा टाटाची किंवा अशोक लेलँडची असे. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये डायम्लर-बेंझशी करार करून मालमोटारी व बस-चासी बनवायला सुरुवात केली आणि १९६९ पर्यंत त्या गाड्यांच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा होता. लेलँडच्या चासी मद्रासजवळच्या एन्नोरहून येत. आरामाच्या दृष्टीने यात्रेची ही गाडी कमी पडत असली, तरी ती कुठल्याही गावी उघडून दुरुस्त करता येत असे. वीस दिवस घराबाहेर राहणाऱ्या गाडीला हा गुण फार मोलाचा होता.

१९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने एसटीत निमआराम गाड्या आल्या आणि लोकांनी त्यांना ‘एशियाड’ हे नाव दिले, ते आजतागायत टिकून आहे. साधारण त्याच दशकात खासगी दोन-बाय-दोन गाडी नियमितपणे रात्रीची पुण्या-मुंबईला निघू लागली. आता परवान्याची चौकट पाहावी. टप्प्याटप्प्याला प्रवासी घेता येत नसल्याने मालकाला शेवटच्या ठिकाणापर्यंत जाणारा प्रवासीच हवा होता. मुंबईचे अंतर सुमारे ३८० किलोमीटर आणि पुण्याचे सुमारे २३०. एवढ्या अंतरासाठी कामाचा दिवस न मोडता जाता यावे, असे वाटणाऱ्या माणसाला रात्र सोयीची होती. दिवसा एसटीशी तिकिटाच्या दरात स्पर्धा करणे कठीण होते, रात्री मात्र आसन आणि झोप विकता येत होती. करार संपूर्ण गाडीचा असायला हवा, ही कायद्याची अट आणि सुट्या तिकिटांची प्रत्यक्ष विक्री यांतला ताण तेव्हाच सुरू झाला आणि तो आजही न्यायालयांत आणि परिवहन कार्यालयांत अधूनमधून डोके वर काढतो.

त्या गाड्यांना लोक ‘लक्झरी’ म्हणत. जुनी माणसे अजूनही ‘लक्झरीनं आलो’ असेच सांगतात. पुढे ‘व्हिडिओ कोच’ ही पाटी आली. चालकाच्या केबिनच्या पाठीशी लाकडी पेटीत टीव्ही बसवलेला असे, खालच्या कुलूपबंद खणात व्हीसीआर असे, आणि गाडी कऱ्हाड सोडेपर्यंत क्लीनर कॅसेट लावून मोकळा झालेला असे. खड्डा आला की चित्रावर रेघा उमटत. मागच्या चाकांवरच्या आसनाला सगळ्यात जास्त हादरे बसतात, हे नेहमीचा प्रवासी जाणून होता आणि पुशबॅक आसन मागताना तो चाकाच्या पुढचा क्रमांक आवर्जून मागत असे.

१९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि त्याखालील केंद्रीय नियमांनी पर्यटक गाडीचे रूप कागदावर निश्चित केले. रंग पांढरा असावा, बाहेरून मध्यावर पाच सेंटिमीटर रुंदीचा निळा पट्टा असावा आणि दोन्ही बाजूंना साठ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात ‘टूरिस्ट’ असे लिहिलेले असावे, असा तो नियम होता. जुन्या छायाचित्रांतल्या गाड्या एकसारख्या पांढऱ्या का दिसतात, याचे कारण त्यात आहे. याहून दूरगामी परिणाम दुसऱ्या तरतुदीचा झाला: गाडी आठ वर्षांची झाली की तिच्यावरचा पर्यटक परवाना संपुष्टात येई. परराज्यांत जाणाऱ्या मालकाला त्यामुळे ताफा सतत नवा ठेवावा लागला आणि परवाना गमावलेल्या गाड्या स्थानिक वऱ्हाडाच्या, शाळेच्या किंवा शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतील कामगारांच्या फेऱ्यांवर गेल्या. एका गाडीचे दुसरे आयुष्य असे नियमानेच ठरवून दिले होते.

बॉडीबद्दल थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. मालक कंपनीकडून फक्त चासी घेई आणि बॉडी दुसरीकडे बांधून घेई. पुणे-बंगळूर महामार्गावर त्या काळी हमखास दिसणारे दृश्य म्हणजे नुसती चासी घेऊन निघालेला चालक. वर छप्पर नाही, समोर काच नाही, बसायला तात्पुरती बैठक, डोक्याला मफलर गुंडाळलेला आणि डोळ्यांवर चष्मा. गोव्यातील सत्तरी तालुक्यात होंडा येथे १९८० मध्ये स्थापन झालेली ऑटोमोबाइल कॉर्पोरेशन ऑफ गोवा ही कंपनी टाटांच्या चासीवर बॉडी बांधत आली आहे. बंगळूरच्या परिसरातही बॉडी बांधणारे पुष्कळ होते. कोल्हापूर या दोहोंच्या वाटेवर असल्याने इथल्या मालकांना निवड करणे सोपे होते. दुरुस्तीसाठी कोल्हापुरातल्याच उद्यमनगरची लेथ, वेल्डिंग आणि पत्र्याची कामे करणारी वर्कशॉप हाताशी होती. गाडीचे आतले माप, आसनांमधले अंतर, डिकीची खोली हे सर्व मालक स्वतः सांगून करून घेई. या स्वातंत्र्याने कल्पकतेला वाव दिला, तसाच आगीच्या आणि अपघाताच्या वेळी बाहेर पडण्याच्या वाटा दुर्लक्षित राहण्यालाही दिला, हे नमूद केलेच पाहिजे.

२००१ मध्ये व्होल्वोने बी-सेव्हन-आर ही बस भारतात आणली आणि हा सगळा व्यवहार उलटा फिरला. गाडी पूर्ण बांधलेली मिळू लागली, इंजिन मागे गेले आणि पाट्यांच्या जागी हवेचे बलून आले. केबिनमधला बोनेटचा उंचवटा नाहीसा झाला आणि त्याबरोबर तिथे रात्रभर येणारी इंजिनाची ऊब व आवाजही गेला. किंमत देशी चासीवर बांधलेल्या गाडीच्या कितीतरी पट होती, तरीही ती परवडली, याचे श्रेय रस्त्याला आहे. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला, आणि सुवर्ण चतुष्कोन योजनेखाली पुण्यापासून कोल्हापूरमार्गे बंगळूरकडे जाणारा महामार्ग चौपदरी झाला. खंबाटकीत बोगदा झाल्यावर चढणारी आणि उतरणारी वाहतूक वेगळी झाली आणि घाटात समोरासमोर अडकून तासन्‌तास जाणे थांबले. दुपदरी रस्त्यावर मागच्या इंजिनाच्या महागड्या गाडीला आपला वेग दाखवायला जागाच मिळाली नसती. त्यानंतर तीन आसांच्या लांब गाड्या आल्या, मर्सिडीज आणि स्कॅनिया आल्या, आणि ‘व्होल्वो’ हा शब्द इथे कोणत्याही वातानुकूलित गाडीसाठी वापरला जाऊ लागला.

स्लीपरचा हिशेब याहून वेगळा आहे. बारा मीटरच्या गाडीत दोन-एकच्या रचनेत खाली-वर मिळून तीस ते छत्तीस बर्थ बसतात. दोन-बाय-दोनच्या बैठ्या गाडीपेक्षा प्रवासी कमी होतात, पण तिकीट जास्त मिळते. शिवाय माणसे झोपलेली असल्याने त्यांचे सामान डिकीत जाते आणि डिकीची उरलेली जागा पार्सलला मिळते. कोल्हापूरहून निघणाऱ्या गाडीच्या डिकीत चपलांची खोकी, यंत्रांचे सुटे भाग आणि हंगामात गुळाच्या ढेपा असतात. बर्थ रिकामे गेले तरी पार्सलचे उत्पन्न हमखास असते, म्हणूनच नव्या गाडीची निवड करताना मालक डिकीचे माप आधी पाहतो. यात्रा कंपनीच्या पातेल्यांची जागा अशी व्यापाऱ्यांच्या खोक्यांनी घेतली.

अलीकडच्या बदलांतले दोन महत्त्वाचे आहेत. एप्रिल २०१८ मध्ये राज्य शासनाने खासगी गाडीच्या भाड्याला एसटीच्या त्याच प्रकारच्या गाडीच्या दीडपट ही कमाल मर्यादा घातली. १ एप्रिल २०२१ पासून पर्यटक गाड्यांसाठी देशभर एकच परवाना शुल्क ऑनलाइन भरण्याची सोय झाली आणि २०२३ मध्ये ते नियम आणखी सुधारले गेले. कागलच्या पुढे कर्नाटकाची हद्द सुरू होते. तिथे वेगळा कर भरत आलेल्या कोल्हापूरच्या मालकांना हा बदल इतरांपेक्षा अधिक जाणवला. त्याआधी एप्रिल २०२० पासून प्रदूषणाच्या बीएस-सहा मानकाची इंजिने आली आणि डिझेलच्या टाकीशेजारी, धुरातले प्रदूषण कमी करणाऱ्या द्रावाची, चालक जिला युरियाची टाकी म्हणतात ती बसली. नेमक्या त्याच महिन्यांत टाळेबंदीने सर्व गाड्या जागेवर उभ्या होत्या. एसटीने १ जून २०२२ रोजी, पहिल्या फेरीच्या वर्धापनदिनी, त्याच पुणे-नगर मार्गावर शिवाई ही विजेवरची बस सुरू केली. पुण्याचे अंतर विजेच्या गाडीच्या आवाक्यात येते. मुंबईची रात्रीची फेरी मात्र वाटेत चार्जिंगची खात्री असल्याशिवाय तिच्यावर सोपवता येत नाही, म्हणून खासगी ताफा अजून मुख्यतः डिझेलवरच आहे.

बॉडीच्या रचनेवर आता बस बॉडी कोड, म्हणजे बसच्या बांधणीची नियमावली, लागू आहे आणि स्लीपरसाठी स्वतंत्र मानकही आहे. इंजिनाच्या कप्प्यात आग ओळखून विझवणारी यंत्रणा हवी, संकटकालीन दारे हवीत, काच फोडायची हातोडी हवी, असे नियम आहेत. ते का हवेत, हे तीन घटना सांगतात: ३० ऑक्टोबर २०१३ रोजी तेलंगणातील पालेमजवळ ४५ माणसे, ८ ऑक्टोबर २०२२ रोजी नाशिकमध्ये १२ आणि १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ २५ माणसे रात्रीच्या गाडीत आगीने गेली. स्लीपरमधली वाट अरुंद असते, वरच्या बर्थवरून उतरायला पायरी शोधावी लागते आणि झोपेतून उठलेल्या माणसाला दार कुठल्या बाजूला आहे ते चटकन आठवत नाही. मी बर्थवर गेल्यावर आधी खिडकीशेजारी हातोडी आहे का ते पाहतो. बऱ्याच गाड्यांत ती असते, पण बर्थचा पडदा नेमका तिच्यावर ओढलेला असतो, आणि अंधारात ती हाताला लागावी म्हणून मी निजण्यापूर्वी तो पडदा थोडा बाजूला सारून ठेवतो.