ठाणे खाडीची हिवाळी पक्षीगणना आणि अभयारण्याची हद्द

ठाणे खाडीतल्या पक्ष्यांचा कुठलाही आकडा भरतीच्या वेळेशिवाय वाचता येत नाही. ओहोटीला शिवडीपासून ऐरोलीच्या वरपर्यंत चिखल उघडा पडतो आणि पक्षी त्यावर विखुरतात. भरती चढली की तेच पक्षी चिखल सोडून मिठागरांत, तलावांत, बांधांवर जाऊन उभे राहतात. 2015 साली खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याची हद्द आखली गेली ती यातल्या पहिल्या जागेच्या एका तुकड्याभोवती. दुसरी जागा बहुतांशी बाहेर राहिली. त्यानंतरच्या बऱ्याच वादांचे मूळ तिथेच आहे.

खाडीचा जुना इतिहास बंदराचा आणि मिठागरांचा आहे. भांडुप, विक्रोळी, मुलुंड, पलीकडे उरण या पट्ट्यात मीठ पिकत होते तोवर भरतीचे पाणी आत घेणे, कोंडणे, सोडणे हे रोजचे काम होते, आणि त्या उथळ कोंडींमध्ये शेकाटे, तुतवार, चिखले हे किनारपक्षी भरतीच्या वेळी आपोआप जागा शोधत. पक्ष्यांसाठी कोणी काही केले नव्हते. मीठ पिकवणे थांबले तिथे पाणी आत येणेही थांबले, गवत आणि झुडपे वाढली, आणि मोकळी उथळ जागा नाहीशी झाली. हा बदल फ्लेमिंगोंच्या गर्दीत झाकला गेला, पण लहान किनारपक्ष्यांना त्याचा फटका मोठा आहे.

फ्लेमिंगो मोठ्या संख्येने येऊ लागले ते 1990 च्या दशकात. कारणांची साखळी बरीचशी स्पष्ट आहे. दोन्ही काठांवरच्या वस्त्यांचे आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याचे सांडपाणी खाडीत येते. त्यातल्या नत्र-स्फुरदावर सूक्ष्म शेवाळ आणि नीलहरित जिवाणू वाढतात. धाकटा फ्लेमिंगो चोचीतल्या बारीक गाळणीने नेमके तेच खातो. भराव आणि पुलांच्या खांबांमुळे प्रवाह मंदावला, गाळ साचला, चिखलाचे पट्टे रुंदावले. थोरला फ्लेमिंगो कोलंबी-किडे-शंखशिंपल्यांवर जगतो, त्यामुळे त्याची संख्या इथे कायम कमी राहिली आहे. घाणीमुळे पक्षी आले एवढे सांगून थांबणे मात्र बरोबर नाही. त्याच सांडपाण्यातले जड धातू त्याच चिखलात बसतात, आणि चिखल उपसणारे सगळे पक्षी ते पोटात घेतात.

पद्धतशीर हिवाळी गणना भारतीय उपखंडात 1987 पासून होते. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा ठरलेला असतो, कारण तेव्हा स्थलांतरी पक्षी हिवाळी मुक्कामावर स्थिरावलेले असतात. ही गणना स्वयंसेवकांवर चालते. दोन आठवड्यांच्या मुदतीत आपला दिवस निवडायची मोकळीक असते, आणि खाडीवर पहिली चूक इथेच होते. रविवार सोयीचा म्हणून रविवार निवडला जातो. पंधरवड्यात एक उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि एक भांग (अष्टमीच्या सुमाराची छोटी भरती) येतातच. रविवारी त्यातले काय पडेल याचा नेम नाही.

कोळ्यांचा हिशोब इथे अजून उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. प्रत्यक्षात वेळ अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, उधाणाला ती बाराच्याही पुढे सरकते, म्हणून छापील भरतीपत्रक सोबत हवेच. त्यातल्या वेळा मुंबई बंदराच्या असतात. खाडीच्या वरच्या टोकाला, ठाण्याच्या बाजूला, भरती त्याहून उशिरा पोचते. दोन्ही टोकांना एकाच घड्याळवेळी मोजले तर एका ठिकाणी पक्षी तळावर, म्हणजे भरतीला उभे राहायच्या जागी, बसलेले असतात आणि दुसऱ्या ठिकाणी अजून चरत असतात.

भांगाच्या भरतीला पाणी पुरेसे चढत नाही. वरचा चिखल उघडाच राहतो, पक्ष्यांना तळावर जायची गरज पडत नाही, आणि तलावावर थांबलेला गट शेदोनशे पक्षी लिहून परततो. पुढच्या वर्षी गणना उधाणाच्या दिवशी झाली की त्याच तलावावर हजारो दिसतात. मग ‘पक्षी वाढले’ अशी बातमी होते. वाढलेले असते ते पाणी.

मोजण्याची जागा आणि उजेड यांचाही संबंध आहे. शिवडीचा धक्का पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य डोळ्यांवर येतो, पक्ष्यांच्या फक्त काळ्या आकृत्या दिसतात आणि धाकटा-थोरला वेगळा करता येत नाही. उधाणाच्या दिवशी दुपारी अडीच ते चार ही तिथली चांगली वेळ: पाणी उतरू लागलेले, काठाजवळचा चिखल नुकताच उघडा पडलेला, सूर्य पाठीशी. त्यानंतर पक्षी पाण्याच्या रेषेबरोबर दूर सरकतात आणि दुर्बिणीतून नुसती गुलाबी पट्टी दिसते. ऐरोलीच्या काठावर हेच उलटे, तिथे सकाळ बरी. दिवस वर आला की उघड्या चिखलावरची हवा थरथरू लागते, टेलिस्कोपची ताकद वाढवून उपयोग होत नाही. अशा वेळी विस्तारण 20-30 पटींवर ठेवले तर चित्र जास्त स्थिर मिळते.

थव्याची मोजणी ठोकळ्यांनी करतात. आधी दहा पक्षी एकेक मोजायचे, त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत बसवायची, मग तेवढ्या जागेचे शंभर, शंभराचे पाचशे. एकाने टेलिस्कोपला डोळा लावायचा, दुसऱ्याने लिहायचे, तिसऱ्याने फक्त येणाऱ्या-जाणाऱ्या थव्यांकडे लक्ष ठेवायचे आणि वेळ व दिशा सांगायची. डावीकडून उजवीकडे जायचे, मधे खांब किंवा खारफुटीचे टोक अशी खूण धरायची. चूक बहुधा कमी मोजण्याच्या बाजूने होते. धक्क्याची उंची कमी, नजर तिरपी, त्यामुळे मागच्या रांगा पुढच्यांआड जातात. जवळच्या विरळ भागावर बसवलेला ठोकळा दूरच्या दाट भागाला लावला की निम्मे पक्षी सुटतात. म्हणून थव्याच्या मध्यात ठोकळा नव्याने बांधावा लागतो. फोटो काढून पडद्यावर टिंबे देत मोजणे जास्त भरवशाचे, पण प्रत्येक फोटोचा चौथा हिस्सा शेजारच्या फोटोवर चढलेला हवा, नाहीतर जोडताना काही पक्षी दोनदा येतात, काही सुटतात.

जात ठरवताना उंचीवर विसंबू नये, चिखलात पाय किती रुतले आहेत ते दुरून कळत नाही. चोच पाहावी. धाकट्याची गडद किरमिजी, दुरून काळीच वाटणारी. थोरल्याची फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळे. राखाडी पिल्लांबाबत शंका असेल तर ‘फ्लेमिंगो, जात अनिश्चित’ असे लिहिणे योग्य. लहान तुतवारांच्या बाबतीतही तसेच. आणि पक्षी नसलेल्या जागेचा कागद शून्य लिहून जमा करायलाच हवा. तो जमा झाला नाही तर तळ ओस पडल्याची नोंदच उरत नाही.

आता हद्दीकडे. ऑगस्ट 2015 मध्ये ऐरोली आणि वाशी या दोन पुलांच्या दरम्यानचा, मुख्यतः पश्चिम काठाचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र 1690.5 हेक्टर: त्यात सुमारे 896 हेक्टर खारफुटी, 794 हेक्टर पाणी आणि चिखल. मालवणनंतरचे राज्यातले हे दुसरे सागरी अभयारण्य. फ्लेमिंगो पाहायला मुंबईकर ज्या शिवडीला जात होते, ती शिवडी यात नाही. नेरुळ-सीवूड्सचे तलाव नाहीत. उरणच्या पाणजे, बेलपाडा, भेंडखळ या पाणथळी नाहीत.

हे असे का झाले याचे सरळ उत्तर मालकीत सापडते. 2005 च्या न्यायालयीन आदेशानंतर सरकारी जमिनीवरची खारफुटी टप्प्याटप्प्याने वन म्हणून नोंदली गेली, 2012 पासून तिच्यासाठी वनखात्याचा स्वतंत्र कक्ष काम करू लागला. त्यामुळे जमीन वनखात्याच्या ताब्यात होती तिथे हद्द आखणे सोपे होते. शिवडीचा किनारा बंदराचा. पूर्वेकडचे तलाव आणि उरणच्या पाणथळी नगरविकासासाठी राखलेल्या. खारफुटी आत आली आणि फ्लेमिंगोंचे बहुतेक तळ बाहेर राहिले, हा त्याचाच परिणाम. निर्णयाच्या बाजूने असे सांगता येते की जे मिळत होते ते घेतले, अडून बसले असते तर काहीच मिळाले नसते. त्यात तथ्य आहे. पण अभयारण्य पक्ष्याच्या नावाने काढायचे आणि पक्षी दिवसातून दोनदा जिथे जातो ती जागा वगळायची, हे अभ्यासाच्या कसोटीवर टिकत नाही. भरतीचे चार-पाच तास चिखल पाण्याखाली असतो. तेवढा वेळ उभे राहायला उथळ, मोकळी, निर्धोक जागा नसेल तर पक्ष्याला उडत राहावे लागते किंवा लांब जावे लागते, आणि चरून मिळवलेली चरबी त्यात खर्च होते. लहान किनारपक्ष्यांनी उत्तरेकडच्या हजारो किलोमीटरच्या परतीसाठी जे साठवायचे तेच इथे जळते.

पुढच्या अभ्यासात सहा तळ अभयारण्याच्या जोडपाणथळी (हद्दीबाहेरच्या पण त्याला पूरक पाणथळी) म्हणून जपावेत अशी शिफारस झाली: भांडुपचे उदंचन (पंपिंग) केंद्र, सीवूड्सजवळ टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेलगतचे पाणी आणि एनआरआय वसाहतीलगतचे पाणी, पाणजे, बेलपाडा, भेंडखळ. संरक्षणाच्या बाबतीत यांची अडचण 2017 च्या पाणथळ नियमांनी वाढवली. मीठ, मत्स्यशेती, पिण्याचे पाणी यांसाठी माणसाने बांधलेल्या जागा त्या नियमांतून वगळल्या आहेत. जुनी मिठागरे आणि बांध घातलेली पाणथळ यांना ‘मानवनिर्मित’ म्हटले की नियम लागू होत नाहीत. खाडीच्या आसपास बांध नसलेली उथळ जागा जवळपास उरलेलीच नाही, हे लक्षात घेतले तर या वगळणीचे वजन कळते.

हद्दीचा दुसरा टप्पा 2021 चा. अभयारण्याभोवतीचा संरक्षक पट्टा, म्हणजे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र, अधिसूचित होईपर्यंत अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आतल्या प्रकल्पांना वन्यजीव मंडळाची मंजुरी लागते. ऑक्टोबर 2021 मध्ये हे क्षेत्र 48.32 चौरस किलोमीटर ठरले, काही ठिकाणी रुंदी शून्य, जास्तीत जास्त 3.89 किलोमीटर. संरक्षणाचा पट्टा ‘वाढला’ असे तेव्हा सांगितले गेले. कागदावर नवे क्षेत्र मिळाले हे खरे, पण 10 किलोमीटरची चाळणी त्याच दिवशी गेली. 2022 मध्ये अभयारण्य आणि हे क्षेत्र मिळून 6521 हेक्टरांना रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) दर्जा मिळाला, नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारनंतर राज्यात तिसरा. रामसरच्या कसोट्यांत नियमितपणे 20,000 पाणपक्षी किंवा एखाद्या जातीच्या संख्येच्या 1 टक्का पक्षी असणे येते. वर्षानुवर्षे स्वयंसेवकांनी भरलेल्या कागदांना अशा वेळी किंमत येते. रामसरची रेषाही जुन्या हद्दीवरूनच आली, त्यामुळे जुनी उणीव तिच्यातही उतरली.

शिवडीच्या चिखलावरून जाणारा सागरी सेतू (अटल सेतू) जानेवारी 2024 मध्ये खुला झाला. त्याच्या परिणामांसाठी 2018 पासून दहा वर्षांची देखरेख ठरली आहे. तिच्यामुळे प्रथमच खाडीभर महिन्यागणिक, ठरावीक पद्धतीने मोजणी झाली आणि लाखाच्या वरचे आकडे पुढे आले. 1990 च्या दशकातले काठावरून मोजलेले आकडे आणि हे बोटीतून, अनेक गटांनी मोजलेले आकडे एका आलेखावर मांडू नयेत. मोजण्याचे श्रम वाढले की आकडा वाढतो. 2022 मध्ये पाठीवर जीपीएस यंत्रे बसवलेल्या पक्ष्यांनी गुजरातचा किनारा गाठला, म्हणजे इथली संख्या कच्छच्या रणातल्या पाण्यावरही अवलंबून आहे.

एप्रिल 2024 मध्ये सीवूड्सच्या एका तलावाचे भरतीचे पाणी अडल्यावर तिथे फ्लेमिंगो मेले. मे 2024 मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून सुमारे 40 मेले. दुसऱ्या घटनेमागे तळांवरची धामधूम होती की खाडीवरच्या नव्या वीजवाहिन्या की आणखी काही, यावर मतभेद आहेत. तलावाबाबत मात्र कारण साधे होते: पाणी आत येण्याची वाट बुजली होती.

कुरव (गल) आणि सुरय (टर्न) यांची गणना या सगळ्यात मागे पडते. तपकिरी डोक्याचे कुरव मांडव्याच्या बोटींमागे फरसाण-वेफर्ससाठी गर्दी करतात आणि तिथे मोजले जात नाहीत, कारण बोट गणनेची जागा नाही. मोठे कुरव कचऱ्याच्या डोंगरांवर दिवस काढतात आणि संध्याकाळी खाडीत उतरतात, म्हणून त्यांची मोजणी सूर्यास्ताआधीच्या दोन तासांत, डोक्यावरून जाणाऱ्या रांगा मोजूनच होते. बूबी, नॉडी असे खरे सागरपक्षी जानेवारीच्या कागदांत जवळपास नसतातच. ते पावसाळी वादळांत किनाऱ्याला लागतात.

गणनेच्या कागदावर जागा, वेळ आणि संख्या एवढेच रकाने पुरत नाहीत. तिथी, त्या दिवशीच्या भरतीची मीटरमधली उंची, तळात पाणी किती होते आणि पाण्याची वाट उघडी होती की बुजलेली, हे चार रकाने तळाच्या प्रत्येक नोंदीत भरले जायला हवेत. सीवूड्सचा तलाव कोरडा पडत असल्याचे पक्षी मरण्याच्या आधी त्यातूनच दिसले असते.