हवेतल्या एकेका कणाची झडती

निकामी उपग्रह आणि रॉकेटचे भाग वातावरणात परतताना जळतात आणि त्यांतले धातू स्थितांबरात, म्हणजे ढग-पावसाच्या थरावरच्या वातावरणाच्या थरात, साचत आहेत, ही बातमी 2023 साली आली. ती वाचून स्थितांबराचा दहावा हिस्सा धातूचा झाला, असा समज सहज होऊ शकतो. मूळ निष्कर्ष मात्र असा की, तिथल्या गंधकाम्लाच्या 120 नॅनोमीटरपेक्षा (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) मोठ्या कणांपैकी सुमारे 10 टक्के कणांत अ‍ॅल्युमिनियम आणि इतर धातू आढळले, आणि त्यांचे परस्पर प्रमाण यानांच्या मिश्रधातूंशी जुळणारे होते. ही टक्केवारी कणांच्या संख्येची आहे, वस्तुमानाची नाही.

असे विधान करायचे तर प्रत्येक कण स्वतंत्रपणे तपासावा लागतो. गाळणकागदावर कण गोळा करून प्रयोगशाळेत नेले, तर अ‍ॅल्युमिनियम किती आणि गंधकाम्ल किती हे कळते. पण ते दोन्ही एकाच कणात होते की शेजारच्या दोन कणांत, हे कळत नाही. शिवाय सेकंदाला 200 मीटर वेगाने जाणारे विमान एका मिनिटात 12 किलोमीटर कापते, त्यामुळे कागदावर उरते ती केवळ सरासरी.

नासाच्या डब्ल्यूबी-57 विमानाच्या नाकात बसवून सुमारे 19 किलोमीटर उंचीपर्यंत नेलेले ‘पाम्स’ हे उपकरण नेमके कणागणिक काम करते. त्याची पहिली अडचण रसायनाची नसून वेगाची आहे. 200 मीटर वेगाची हवा आत घेऊन थांबवली की ती सुमारे 20 अंशांनी तापते आणि कणातले पाणी उडू लागते; मोठे कण तर जडत्वामुळे हवेबरोबर वळत नाहीत आणि नळीच्या भिंतीवर आपटतात. म्हणून आतल्या हवेचा वेग टप्प्याटप्प्याने कमी करणाऱ्या खास नळ्या वापरतात.

पुढचा भाग मला सर्वांत देखणा वाटतो. अरुंद छिद्रांच्या रांगेतून जाताना कणांची बारीक धार तयार होते आणि ती निर्वातात शिरते. तिथे प्रसरण पावणाऱ्या वायूबरोबर लहान कण जास्त वेग घेतात, मोठे मागे रेंगाळतात. वाटेतले दोन लेसरझोत ओलांडायला कणाला किती वेळ लागला यावरून त्याचा आकार समजतो, आणि तो पुढे नेमका कधी पोहोचेल हेही. त्या क्षणी 193 नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील लेसर उडतो आणि कणाचे विद्युतभारित तुकडे, म्हणजे आयन, होतात. समान भाराच्या सर्व आयनांना विद्युतक्षेत्र सारखीच ऊर्जा देते, म्हणून हलका आयन वेगाने धावतो आणि जड आयन उशिरा पोहोचतो. लागणारा वेळ वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. 27 वस्तुमानाच्या अ‍ॅल्युमिनियमला 7 वस्तुमानाच्या लिथियमच्या जवळजवळ दुप्पट. प्रत्येक वस्तुमानाचे आयन पोहोचले की आलेखात एक शिखर उमटते. तांब्याची ओळख तर दोन शिखरांनी पटते, कारण त्याचे 63 आणि 65 वस्तुमानाचे समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वस्तुमानाचे अणू, निसर्गात ठरावीक प्रमाणात असतात. हा सारा निकाल सेकंदाच्या काही लक्षांश भागांत लागतो. कण मात्र नष्ट होतो, फेरतपासणीला वाव नाही.

विमानामागच्या पांढऱ्या रेषांना ‘फवारलेली रसायने’ म्हणणाऱ्यांनी हे तंत्र जरूर पाहावे. त्या रेषा इंजिनातली वाफ गोठून होणाऱ्या बर्फाच्या असतात, आणि हवेतल्या कणांत खरोखर काय आहे हे मोजण्याची साधने उपलब्ध आहेत.

लेसरची एक खोड अशी की, सोडियम आणि पोटॅशियम अत्यल्प असले तरी त्यांचे संकेत प्रचंड येतात, कारण त्यांचे आयन सहज बनतात. म्हणून शिखराची उंची म्हणजे प्रमाण नव्हे. ठाऊक प्रमाणात धातू मिसळलेले गंधकाम्लाचे थेंब प्रयोगशाळेत तयार करून तुलना करावी लागते. कणांना 600 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या पृष्ठभागावर आपटून त्यांची वाफ करणारी दुसऱ्या जातीची उपकरणे सल्फेट, नायट्रेट आणि सेंद्रिय द्रव्य यांचे वस्तुमान अधिक विश्वासाने सांगतात, पण खनिज धूळ आणि असे धातू त्या तापमानाला उडत नसल्याने त्यांच्या मोजणीतून निसटतात. त्यामुळे मोठ्या मोहिमांत दोन्ही जाती एकाच विमानात शेजारी बसवल्या जातात.