तळ्याची विरळणी

तळ्यात मासा भरपूर आहे, पण वाढत नाही, ही तक्रार बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात गावोगाव ऐकू येते. जाळं ओढताना जड लागतं, आणि काठावर उलटं केलं की सगळा माल बोटापेक्षा थोडा लांब. वीस-पंचवीस मासे पारड्यात पडतात तेव्हा कुठं किलोचा काटा हलतो. मग कुणीतरी म्हणतंच, "पिल्लं हायत वो, सोडा परत. पुढच्या साली मोठी होतील." मासे परत पाण्यात जातात. पुढच्या साली जाळ्यात पुन्हा तसाच ढीग, त्याच मापाचा.

तळं बिघडतं ते नेमकं या चांगल्या मनानं केलेल्या कामामुळं. सोडलेली ती पिल्लं नसतात. त्यांतले पुष्कळसे मासे वयानं पुरते झालेले, अनेकदा वीण झालेले असतात. ते लहान आहेत ते कोवळे म्हणून नव्हे, त्यांना वाढायला जागाच उरलेली नाही म्हणून.

माणूस किंवा बैल ठरावीक वयाला वाढायचा थांबतो. माशाचं तसं नाही. खायला मिळालं, पाणी मोकळं असलं, तर बहुतेक जातींचे मासे आयुष्यभर थोडेथोडे वाढत राहतात, आणि मिळालं नाही तर वर्षानुवर्षं आहे त्याच मापावर थांबून जगतात. म्हणून माशाच्या लांबीवरून त्याचं वय सांगता येत नाही. तीन महिन्यांचा आणि तीन वर्षांचा मासा एकाच टोपलीत एकाच लांबीचे सापडू शकतात.

तळ्याला एक पेलण्याची मर्यादा असते. ऊन, खत-माती आणि पाण्यातलं शेवाळ यांच्या जोरावर ते ठरावीक वजनाचीच मासळी पोसतं. समजा एखादं तळं बाहेरून काही न घालता ६०० किलो मासा पोसतं. त्या ६०० किलोंत एकेक किलोचे ६०० मासे मावतील, नाहीतर पन्नास ग्रॅमचे १२,००० मावतील. पण हे दोन हिशेब दिसतात तितके सारखे नाहीत. लहान जिवाला किलोमागे जास्त खाणं लागतं. पन्नास ग्रॅमच्या माशांचा एक किलो नुसता जगण्यासाठी जेवढं अन्न जाळतो, ते किलोच्या एका माशाच्या जवळजवळ पावणेदोनपट भरतं. म्हणजे गर्दीच्या तळ्यात बहुतेक सगळं अन्न श्वास घेण्यात आणि हालचालीत संपतं, अंगाला लागायला काही राहत नाही. त्यात वजनाचा नियम असा, की अंगकाठी तीच राहून लांबी दुप्पट झाली तर वजन आठपट होतं. दहा सेंटिमीटरचा मासा वीसचा झाला की एकाचे आठ मिळाले. गर्दीत अडकलेलं तळं हा आठपटीचा फायदा कायमचा गमावून बसतं.

ज्वारीची किंवा मक्याची विरळणी आपल्याकडं कुणाला शिकवावी लागत नाही. उपटलेल्या रोपाचं वाईट वाटून कुणी ते परत रोवत नाही. फरक एवढाच की ज्वारी शेतात उभ्या-उभ्या नवी ज्वारी पेरत नाही. मासा पेरतो, आणि सगळा गुंता तिथंच आहे.

आपल्या तळ्यांतली गर्दी बहुधा कोण करतं ते पाहू. कटला, रोहू, मृगळ नव्हेत. हे मासे वाहत्या, पुराच्या पाण्यात विणतात, साठलेल्या तळ्यात त्यांची वीण होत नाही. म्हणून तर त्यांचं बीज, म्हणजे बारकी पिल्लं, आणून सोडावं लागतं. १० जुलै १९५७ रोजी कटकच्या संशोधन केंद्रात हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं, त्यानंतर देशभर बीज मिळू लागलं. १० जुलै आजही मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळतात. कटल्याची गर्दी झाली तर ती माणसानं जास्त बीज सोडून केलेली असते, आणि पुढच्या वर्षी कमी सोडलं की मिटते.

आपोआप गर्दी करते ती चिलापी, म्हणजे तिलापिया. मूळची आफ्रिकेची ही मासळी १९५२ मध्ये भारतात आणली. गरिबाला स्वस्त मासा मिळावा हा हेतू होता, आणि काटक म्हणून ती सगळीकडं पसरली. जाळ्यात आलेली एखादी दहा-बारा सेंटिमीटरची चिलापी हातात घेऊन बघा. हनुवटीखाली फुगवटा दिसला तर तिला पाण्याच्या बादलीत धरा आणि अंगठ्यानं खालचा जबडा हलकेच उघडा. तोंडातून मोहरीपेक्षा थोडी मोठी पिवळट अंडी ओघळतील. कधी अंड्यांऐवजी डोळे आणि शेपूट फुटलेली इवलीशी पोरं बाहेर पडतात आणि लगेच पुन्हा आईच्या तोंडाकडं धाव घेतात. मादी अंडी तोंडात उबवते आणि पोरं पोहायला लागली तरी धोका दिसताच त्यांना तोंडात घेते. या काळात ती जवळजवळ काही खात नाही. अंडी काही शेच असतात, कटल्यासारखी लाखांनी नव्हेत, पण अशी राखण असल्यावर त्यातली बरीच जगतात. पाणी उबदार असेल तर महिना-सव्वा महिन्यात तीच मादी पुन्हा तयार.

वीतभर लांबीही नसलेली ही मादी आई कशी होते? मोकळ्या, मोठ्या पाण्यात चिलापी बरीच वाढल्यावर विणायला लागते. कोंडलेल्या, उपाशी, भरवसा नसलेल्या पाण्यात ती तीच गोष्ट फार लवकर, फार लहान अंगावर करते. उद्या जगू की नाही याची खात्री नसेल तर वाढीत अन्न घालवण्यापेक्षा वीण उरकून घेणं जिवाच्या दृष्टीनं बरं. आणि एकदा अन्न अंड्यांकडं वळलं की अंग वाढायचं आणखी मागं पडतं. गर्दीनं अंग खुरटतं, खुरटलेली मादी लवकर विणते, विणीनं गर्दी वाढते. हे चक्र बाहेरून कुणी तोडल्याशिवाय तुटत नाही.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. पौष-माघात पाणी गार पडतं तेव्हा वीण मंदावते. ज्या तळ्याचं पाणी उन्हाळ्यात तळाला भेगा पडेपर्यंत आटतं, तिथं निसर्गच दरसाल सगळं साफ करून टाकतो. अडचण बारमाही पाण्याची आहे. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीकडच्या धो-धो पावसाच्या भागात, किंवा कालव्याचा पाझर मिळणाऱ्या तळ्यांत ही गर्दी साल-दरसाल साठत जाते.

तळं सगळ्यांचं असलं की आणखी एक गोष्ट होते. जो येतो तो मोठा मासा नेतो. गळालाही धीट आणि मोठा मासाच आधी लागतो. बाजारात सगळ्यांत जास्त भाव मरळीला, म्हणून मरळ सगळ्यांत आधी संपते. आणि बारक्या माशांना खाऊन आवर घालणारी तीच होती. बारक्याला भाव नाही, म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. यात कुणाचा दोष नाही, प्रत्येकानं आपल्यापुरतं शहाणपणाचंच केलेलं असतं. पण सगळ्यांची मिळून निवड अशी होते, की राखायला हवा तो संपतो आणि काढायला हवा तो राहतो. समुद्रात जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, मोठा ठेवा, लहान मासा सुटू द्या, हा नियम अगदी बरोबर आहे. तिथं लहान मासा खरोखर उद्याचा मोठा मासा असतो. तोच नियम चिलापीनं भरलेल्या गावतळ्याला लावला तर उलटा बसतो.

विरळणी केली तर खरंच फरक पडतो का? इंग्लंडमधल्या विंडरमियर सरोवरात १९४१ पासून, महायुद्धाच्या टंचाईत, पर्च नावाचे लहान मासे सापळे लावून टनावारी काढले आणि डबाबंद करून विकले. मागं राहिलेले पर्च पूर्वीपेक्षा वेगानं वाढू लागले. याहून बोलकं उदाहरण उत्तर नॉर्वेतल्या टाकवाटन सरोवराचं आहे. तिथं मूळचा ट्राउट, बारक्या माशांना खाणारा मासा, मासेमारीनं जवळजवळ संपला. १९३० मध्ये 'चार' (charr) नावाचा मासा आणून सोडला, आणि काही दशकांत सरोवर खुरटलेल्या चारनं भरून गेलं. १९८४ ते १९८९ या काळात संशोधकांनी सापळे लावून ६ लाख ६६ हजार मासे काढले, वजनानं ३१ टन. चारची दाटी सुमारे ८० टक्क्यांनी उतरली. उरलेली चारची मासळी मोठी झाली, हे अपेक्षितच होतं. पण त्यासोबत ट्राउटही परत आला. आधी सरोवर मधल्या मापाच्या चारनं भरलेलं होतं, आणि तो मासा ट्राउटच्या तोंडात मावेना. विरळणीनंतर कोवळी पिल्लं दिसू लागली, ट्राउटला खाणं मिळालं, आणि वाढलेल्या ट्राउटनं पुढं चारची संख्या ताब्यात ठेवली. जाळी-सापळे थांबल्यावरही दशकानुदशकं ते सरोवर जुन्या अवस्थेत गेलं नाही.

या प्रयोगातला ८० टक्के हा आकडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. दहा-वीस टक्के मासे काढले तर उरलेल्यांना थोडं जास्त खायला मिळतं, ते थोडी जास्त अंडी घालतात, आणि एका विणीत जागा भरून निघते. गावात दरवर्षी दोन-चार टोपल्या बारकी मासळी काढतात आणि "काही फरक पडत नाही" म्हणतात, ते त्यामुळंच. काढायची तर निम्म्याहून बरीच जास्त काढावी, एकाच हंगामात, सगळ्या गावानं मिळून. नॉर्वेचं पाणी थंड, तिथं मासा वर्षातून एकदा विणतो. आपली चिलापी गरम दिवसांत महिन्या-सव्वा महिन्याला विणते, त्यामुळं आपल्याला आणखी झपाट्यानं काम करावं लागेल आणि पुढच्या साली पुन्हा करावं लागेल.

आधी तळं खरोखर दाटलं आहे का ते तपासावं. तळ्याच्या दोन-तीन ठिकाणी बारीक आसाचं जाळं टाकून आलेले सगळे मासे, निवड न करता, मोजपट्टीवर आणि काट्यावर घालावेत. सगळे जवळजवळ एकाच लांबीत अडकलेले असतील, डोकं अंगाच्या मानानं मोठं, पोट आत गेलेलं, डोळे मोठे दिसत असतील आणि दहा-बारा सेंटिमीटरच्या माद्यांच्या पोटात किंवा तोंडात अंडी असतील, तर शंका उरत नाही.

मत्स्यशेतीत नको असलेले मासे मारायला मोहाची पेंड टाकतात. तिच्यातलं सॅपोनिन नावाचं द्रव्य माशांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतं. खाजगी शेततळ्याला तो उपाय असेल, पण जिथं गुरं पाणी पितात आणि माणसं अंघोळीला उतरतात तिथं विषाचा विचारही करू नये. सुरुंगाच्या दारूचं तर नावच नको. गावतळ्याला जाळं हाच मार्ग. बारीक आसाचं लांब ओढजाळं, उथळ कडेला पाग, म्हणजे फेकायचं जाळं, आणि मोठा कटला-रोहू-मरळ दिसला की तो परत पाण्यात. नेहमीच्या सवयीच्या हे बरोबर उलट आहे, म्हणून भोई मंडळींशी आणि लिलाव घेणाऱ्याशी आधी बोलून ठरवावं लागतं. ठेक्याची मुदत जितकी आखूड, तितका ठेकेदार मोठा मासा ओरबाडून नेणार. मुदत देताना पंचायतीनं हे ध्यानात घ्यायला हवं.

वेळ माघ-फाल्गुनाची बरी. पाणी उतरलेलं असतं, मासा एकवटलेला असतो, आणि गारठ्यामुळं वीण थंडावलेली असते. चैत्र-वैशाखापर्यंत थांबू नये. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, वर रात्रभर मासे आणि शेवाळ दोघंही तो वापरतात, त्यामुळं पहाटे तो सगळ्यांत कमी असतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करताना दिसतात ते याच वेळी. अशा तळ्यात पहाटे जाळं ओढून चिखल ढवळला तर राखायचे मासेही मरतील. ऊन वर येऊन दोन-तीन तास झाल्यावर जाळं घालावं.

उरलेले खुरटे मासे नंतर वाढतील का, की ते कायमचे तसेच? वाढतात. आंध्र प्रदेशातले मत्स्यशेतकरी तर मुद्दाम कटला-रोहूची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, वर्षभर दाटीत, कमी खाण्यावर ठेवतात आणि मग मोठ्या तळ्यात सोडतात. मोकळं पाणी मिळताच ही मासळी झपाट्यानं भरते. चिलापीच्या बाबतीत मात्र वाढ आणि वीण यांची ओढाताण राहते, त्यामुळं कटल्याइतकी उडी तिच्याकडून धरू नये.

काढलेल्या बारक्या माशांचं काय करायचं, यावर सगळा बेत अडतो. फेकायचे असतील तर कोण जाळं ओढेल? पण ही मासळी खाण्याची आहे. काट्यासकट खाल्ला जाणारा लहान मासा कॅल्शियम आणि इतर खनिजं देतो, जी मोठ्या माशाच्या तुकड्यातून तितकी मिळत नाहीत, कारण काटे आपण ताटाच्या कडेला काढून ठेवतो. बांगलादेशात लहान माशांच्या पोषणावर काम केलेल्या शकुंतला थिलस्टेड यांना त्यासाठी २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्या बाजूला अगदी बारीक चिलापी स्वच्छ करून, कोकम आणि तिरफळ घालून कालवण करता येतं, उरलेली मीठ लावून उन्हात वाळवता येते. गर्भार बाया आणि वाढत्या पोरांच्या ताटात ती जावी असं मला फार वाटतं. जी खाण्यात येत नाही तिचं शेताला खत होतं.

जाळी आटोपली की दोन कामं राहतात. मृगात पाऊस लागून तळं भरलं की जुलै-ऑगस्टमध्ये कटला-रोहूचं बीज सोडायचं, तेही बोटभर लांबीचं, जिऱ्याएवढं नव्हे, नाहीतर राहिलेल्या चिलापीच ते खाऊन टाकतील. आणि मरळ परत आणायची. मरळ हवेतून श्वास घेते, उन्हाळ्यातल्या कमी पाण्यात तगते, आणि तिचा नर पिल्लांची राखण करतो. आफ्रिकन मांगूर मात्र कुणी स्वस्तात देतो म्हणूनसुद्धा घेऊ नये. तो पाळायला देशात बंदी आहे, आणि पुरात तो मलप्रभेला, घटप्रभेला लागला तर तिथले देशी मासे जातील. सोडलेली मरळ पहिली दोन वर्षं कुणी गळानं काढायची नाही, एवढं गावसभेत ठरलं पाहिजे. कारण तिच्या तोंडात मावेल एवढाच मासा ती खाते, आणि तोंड मोठं व्हायला तिला तेवढा वेळ लागतो.